विज्ञानकथेवरचा परिसंवाद कसा पाडावा

येत्या दोन महिन्यांत मला तीन ठिकाणी विज्ञानकथेवरच्या परिसंवादात बोलायचंय. तिन्हीकडे विषय एकच : 'विज्ञानकथा : काल, आज आणि उद्या'. गेल्याच महिन्यात असाच एक उरकून आलोय, त्यामुळे अनुभव ताजा आहे. तुमच्याही गावात संमेलन ठरलं असेल आणि कार्यक्रमपत्रिकेत दुपारची जागा रिकामी राहिली असेल, तर हे मार्गदर्शन फुकट घ्या.

वेळ दीडची ठेवा. जिलबीचा वास व्यासपीठापर्यंत आला पाहिजे.

वक्त्याला फोन चार दिवस आधी करा. "सर, तुमचं ते भुताखेतांचं लिखाण आमच्या घरी सगळ्यांना आवडतं," असं म्हणा. मी भुतावर आजवर एक ओळ लिहिलेली नाही, पण आवडतं म्हटल्यावर कोण वाद घालतो? त्याने मानधनाचं विचारलंच, तर "साहित्यसेवा आहे सर" म्हणा. मांडववाल्याला मात्र असं म्हणायला जाऊ नका.

फ्लेक्स तपासू नका. आमच्या फ्लेक्सवर 'विज्ञानव्यथा' छापलं होतं. दिवसभरात तेवढंच काय ते अचूक.

अध्यक्ष असा निवडा, ज्याला "मी विज्ञानकथा वाचत नाही, पण…" अशी सुरुवात करताना काही वाटणार नाही. (कवितेच्या परिसंवादात कोणी "मी कविता वाचत नाही" म्हणून माइक हातात घेऊन दाखवावा!)

आणि जगतापांची गोष्ट आलीच पाहिजे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला जयंत नारळीकरांनी नाव बदलून कथा पाठवली. आद्याक्षरं उलटी करून ते नारायण विनायक जगताप झाले आणि पहिलं बक्षीस मिळालं. आमच्या अध्यक्षांनी ही गोष्ट सतरा मिनिटं सांगितली. त्यात जगतापांचे जगदाळे झाले, हरकत नाही. मग पहिल्या वक्त्याने "अध्यक्षांनी उल्लेख केलाच आहे, तरी…" म्हणून पुन्हा सांगितली. दुसऱ्या वक्त्या बाईंनी तीच गहिवरून सांगितली. खोटं कशाला बोलू, माझ्या टिपणातही पहिली तीच होती. ती खोडेपर्यंत माझ्या हातात चिठ्ठी पडली : 'दोन मिनिटांत आवरावे.' एवढं दळण दळलं, पण त्या कथेचं नाव कोणाच्या तोंडून निघेल तर शपथ! 'कृष्णविवर', अहो! 'कृष्णविवर' नाव आहे त्या कथेचं! तिच्यात घडतं काय, हे तर लांबच राहिलं. त्या माणसाने नाव लपवलं ते कशासाठी? परीक्षकांनी नाव न बघता कथा वाचावी म्हणून. आणि आपण पन्नास वर्षं करतोय काय? कथा बाजूला ठेवून नावाचीच आरती. २०२१ साली नाशिकच्या ९४व्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांना दिलं, तेव्हा मला वेड्याला वाटलं होतं, आता लोक ही पुस्तकं उघडतील. कसलं काय! बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर हे सगळे विज्ञानकथाकार अजून 'आणि इतर'मध्येच बसलेत. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. आता परिसंवादाला आणखी एक तयार विषय मिळालाय : 'नारळीकरांनंतर कोण?' नंतरचं काही वाचलं असतं, तर विचारावं लागलं असतं का?

असो. श्रोत्यांसाठीही थोडं सांगतो. पुष्पक विमान एकदा तरी निघू द्या.

एआयमुळे लेखक संपणार का, हे विचाराच.

प्रश्नोत्तरांत "माझा प्रश्न असा नाही, फक्त दोन शब्द मांडतो," असं म्हणून उभे राहा आणि आभारप्रदर्शन सुरू होईपर्यंत खाली बसू नका.

परदेशातलं वर्ल्डकॉन, म्हणजे विज्ञानकथेचं जागतिक संमेलन, १९३९ साली न्यूयॉर्कला सुरू झालं. तिथे सन्मान्य पाहुणे सोडले, तर बोलायला येणारा लेखकही सहसा वर्गणी भरूनच आत जातो. विज्ञानकथेचा मानाचा ह्यूगो पुरस्कार कोणाला द्यायचा, हे सभासद मत देऊन ठरवतात. तिथे भांडणं होत नाहीत असं नाही, चांगली कडाक्याची होतात. पण ती पुस्तकांवरून होतात हो! माझ्या एखाद्या कथेवरून कोणी माझ्याशी भांडलं, तर मी त्याला घरी जेवायला बोलवीन.

आता सरळच बोलतो. तुम्ही वाचत नाही. बोलावणारे वाचत नाहीत, अध्यक्ष वाचत नाहीत, शेजारी बसलेला वक्ता माझं वाचत नाही आणि मीही त्याचं वाचलेलं नव्हतं. परतताना एसटीत वाचलं. चांगलं लिहितो तो! हे त्याला व्यासपीठावर सांगायला हवं होतं, तेव्हा आम्ही दोघं माना डोलावत जगदाळ्यांची गोष्ट ऐकत होतो. लाज वाटली मला. तुम्हालाही वाटू दे थोडी. शाल नको, श्रीफळ नको, ते स्मृतिचिन्ह तर मुळीच नको, घरात ठेवायला जागा नाही. येण्याआधी एक कथा वाचा. बारा-पंधरा पानांची असते. माझी नसली तरी चालेल. तेवढंही जमत नसेल, तर मंडपात येऊ नका. जिलबी शेजारीच आहे.