हिरवळीवर कुणी बसतं का?

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होतं आणि त्याच दिवसांत आयपीएलच्या मैदानांच्या पाण्यावरून वाद पेटला होता. मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला लावले. मला तो निर्णय तेव्हाही पटला, आजही पटतो. पण पाऊस पडला आणि मैदानांचा विषय मिटला.

मी लास वेगासला राहते. इथे वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस. इथला हिशेब सरळ आहे: घरात वापरलेलं पाणी, अगदी संडास-बाथरूमचंही, शुद्ध होऊन कोलोरॅडो नदीवरच्या मीड सरोवरात, म्हणजे जिथून शहराला पाणी मिळतं तिथेच, परत जातं, अंगणात ओतलेलं गेलं ते गेलं. एक चौरस फूट हिरवळ वर्षाला सुमारे २७५ लिटर पाणी पिते. ठिबकवरची वाळवंटी झाडं त्याच्या चौथाईत भागवतात. म्हणून लॉन काढणाऱ्याला चौरस फुटामागे पैसे मिळतात. २०२१ च्या कायद्यानुसार दुभाजकांवरची, ऑफिसांपुढची नुसती शोभेची हिरवळ २०२७ पासून कोलोरॅडो नदीच्या पाण्यावर पोसता येणार नाही. खेळायची मैदानं मात्र राहतील.

आमच्या मागच्या अंगणात मुलांपुरतं लॉन ठेवलंय. पहिल्या उन्हाळ्यात स्प्रिंकलर सलग बारा मिनिटं चालायचा आणि निम्मं पाणी फरशीवरून वाहून जायचं, इतकी इथली जमीन कठीण. आता पहाटे चार-चार मिनिटं तीनदा, मध्ये तासाभराची उसंत. स्क्रूड्रायव्हर मातीत सहज रुतला की त्या दिवशी पाणी नाही. आणि गवत कुठलं, तर बर्म्युडा, म्हणजे आपली हरळी! आजोबा शेतातून खणून काढायचे तीच. कडक उन्हात तगते, थंडीत पिवळी पडते. पडू द्यायची.

इथलं सगळं तिकडे जसंच्या तसं चालणार नाही. मैदानांना प्रक्रिया केलेलं सांडपाणी द्यावं, असं २०१६ मध्येही सुचवलं गेलं होतं. मुंबईत ते योग्यच, कारण तिथलं सांडपाणी शेवटी समुद्राला मिळतं. पुण्याचं मुळा-मुठेतून उजनीकडे जातं. ते लॉनवर जिरवलं तर खालच्या गावांच्या वाट्याचं तेवढं कमी होतं. आपल्या वादांत हा फरक कुणी बोलत नाही, याचं वाईट वाटतं. क्रिकेट टीव्हीवर दिसतं, म्हणून राग तिथे निघतो. कंपन्यांच्या आवारातली हिरवळ बारा महिने पाणी पिते, तिच्यावर कुणी बसतं का, हे बांधकामाचा नकाशा मंजूर करतानाच विचारायला हवं.