यशवंतराव चव्हाण, बेळगाव आणि दर नोव्हेंबरला फिरणारा मजकूर

१ नोव्हेंबर जवळ आला आणि सीमाभागात काळ्या दिनाची तयारी सुरू झाली, की यशवंतराव चव्हाणांविषयीचा एक मजकूर मोबाइलवरून फिरू लागतो. यंदा तो बेळगावच्या शहापुरातल्या एका वाचनालयाच्या फळ्यावर, चार टाचण्या मारून लावलेला दिसला. त्याचा आशय असा: यशवंतरावांचा स्वातंत्र्यलढ्याशी संबंध नावापुरता होता, बेळगाव म्हैसूरला (म्हणजे आजच्या कर्नाटकाला) देऊन त्यांनी मुख्यमंत्रिपद मिळवले, त्या पदावर असताना सीमाप्रश्नाला हात लावला नाही, आणि दिल्लीत गेल्यावर सीमावादाचा निवाडा करणारा महाजन आयोग नेमून आपल्याला कायमचे बुडवले. यशवंतरावांवर बेळगावकरांचा राग आहे आणि तो अनाठायी नाही, असे माझेही मत आहे. पण हा मजकूर त्या रागाला भलतीच कारणे पुरवतो.

स्वातंत्र्यलढ्याविषयीचे विधान तर निव्वळ अज्ञानाचे आहे. देवराष्ट्रे या खेड्यात १९१३ साली जन्मलेल्या आणि वडील लहानपणीच गमावलेल्या या मुलाने विद्यार्थिदशेतच, १९३२ साली, कराडमध्ये तिरंगा फडकावला आणि १८ महिन्यांची शिक्षा भोगली. २ जून १९४२ रोजी वेणूताईंशी लग्न झाले आणि दोन महिन्यांतच ते साताऱ्याच्या चळवळीत भूमिगत झाले. ते सापडेनात म्हणून लग्नाला वर्षही न झालेल्या वेणूताईंनाच पोलिसांनी धरून नेले. पुढे त्या आजारी पडल्याचे कळल्यावर यशवंतराव त्यांना भेटायला फलटणला गेले आणि तिथे त्यांना अटक झाली.

दुसरे विधान तारखांच्या योगायोगावर उभे आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि त्याच दिवशी यशवंतराव द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले, हे खरे. पण एकाच दिवशी घडलेल्या या दोन गोष्टींचा सौदा झाला, हे त्यावरून सिद्ध होत नाही. चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा कर्नाटकाला द्यावा, ही शिफारस राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५च्या सप्टेंबरातच केली होती आणि तिच्यावर शिक्कामोर्तब संसदेने केले. (आज वेंगुर्ला रस्त्याने शिनोळी गाठली, की दुकानांवरच्या पाट्या बदलतात, त्या महाराष्ट्रात राहिलेल्या याच चंदगडमुळे. तिथली माणसे बाजाराला आणि दवाखान्याला अजूनही बेळगावलाच येतात.)

मात्र इथे मजकूर लिहिणाऱ्याच्या हातून एक खरी गोष्ट निसटली आहे. १७ जानेवारीला आपण सीमालढ्यातल्या ज्या हुतात्म्यांना अभिवादन करतो, ते १९५६ साली गोळीबारात पडले तेव्हा बेळगाव मुंबई राज्यातच होते, सरकार मोरारजी देसाईंचे होते आणि त्या मंत्रिमंडळात यशवंतराव होते. चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडले. यशवंतरावांनी मंत्रिपद सोडले नाही, उलट नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांत आपल्याला नेहरू मोठे वाटतात, असे ते फलटणलाच बोलून गेले. हा आक्षेप घ्यायचा तर जरूर घ्यावा. त्यासाठी सौद्याची गोष्ट रचण्याची गरज नाही.

मुख्यमंत्री असताना त्यांनी काहीच केले नाही, हेही खरे नाही. त्यांच्याच सरकारने जून १९५७ मध्ये केंद्राला निवेदन दिले आणि खेडे हा घटक, भाषिक बहुमत, भौगोलिक सलगता व लोकेच्छा या कसोट्यांवर सीमा नव्याने आखण्याची मागणी केली. महाराष्ट्राची बाजू आजही याच कसोट्यांवर मांडली जाते. १९६० साली दोन्ही राज्यांची चार सदस्यांची समिती झाली. तिच्यात एकमत झाले नाही, हे अपयश खरे, पण ते दोन्ही बाजूंचे होते.

महाजन आयोग केंद्र सरकारने २५ ऑक्टोबर १९६६ रोजी नेमला. तेव्हा इंदिरा गांधी पंतप्रधान होत्या, गुलझारीलाल नंदा गृहमंत्री होते, महाराष्ट्राचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते आणि यशवंतरावांकडे संरक्षण खाते होते. शिवाय आयोग हवा म्हणून आग्रह महाराष्ट्राचाच होता. त्याच वर्षी सेनापती बापटांनी सीमाप्रश्नासाठी उपोषण केले होते. आयोग नेमल्याचा दोष यशवंतरावांवर ठेवायचा, तर त्यात आपणही वाटेकरी ठरतो.

त्यांना विचारण्यासारखा प्रश्न त्यानंतरच्या काळाचा आहे आणि नेमका तोच या मजकुरात नाही. नोव्हेंबर १९६६ मध्ये ते केंद्रीय गृहमंत्री झाले आणि जून १९७० पर्यंत त्या खात्यावर होते. महाजन अहवाल ऑगस्ट १९६७ मध्ये आला तो याच कारकिर्दीत. त्याने बेळगाव शहर नाकारले, पण निपाणी, खानापूर, नंदगड यांच्यासह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, असेही सांगितले. महाराष्ट्राने तो फेटाळला, कर्नाटकाने तो जसाच्या तसा लागू करण्याचा हट्ट धरला आणि केंद्राने तो ना अमलात आणला ना रद्द केला. या कोंडीतून तिसरी वाट काढण्याची जागा गृहमंत्र्याची होती, आणि त्या खुर्चीवर सीमाभागाचे दुःख जवळून ठाऊक असलेला माणूस बसला होता.

वाचनालयातल्या त्या फळ्याजवळ उभ्या असलेल्या एका आजोबांना मी हे सारे सांगितले. आयोग कोणी नेमला, यात त्यांना फारसा रस नव्हता. शांतपणे ऐकून घेऊन त्यांनी एवढेच विचारले, "मग ती २६४ गावं तरी का नाही आली?"