पाइपचा कारखाना काढायचाय? आधी खडू आणा

शेती परवडत नाही ना? मग पीव्हीसी पाइपचा कारखाना काढा. सल्ला फुकटचा समजू नका, चाळीस पाइपांचे पैसे मोजून मला हे ज्ञान मिळालंय. विहिरीपासून वरच्या वावरातल्या कांद्यापर्यंत टाकलेली लाइन तिसऱ्याच उन्हाळ्यात सात ठिकाणी फुटली. तीही रात्री दोनला. लाइट दुसऱ्या कुठल्या वेळी असते?

तर आधी खडू. रेझिन, म्हणजे पाइपातलं मूळ प्लास्टिक, महाग; खडूची पूड स्वस्त. थोडी पूड सगळेच घालतात, ती लागतेही. तुम्ही थोड्यावर थांबू नका. पीव्हीसीची घनता १.४, खडूची २.७. म्हणजे पूड जितकी जास्त, तितका पाइप जड. आणि शेतकरी पाइप पारखतो कसा? उचलून! मला दुकानदार म्हणाला, "दादा, उचलून तर बघा, वजन आहे का नाही?" होतं की.

आयएसआयचा परवाना घेत बसू नका. पाइपावर "आयएसआय टाइप" छापा. परवाना क्रमांक विचारणारा भेटलाच, तर उन्हानं पुसला गेला म्हणा.

पीव्हीसी तापलं की त्यातून आम्ल सुटतं, म्हणून स्टॅबिलायझर घालावं लागतं. कॅल्शियम-झिंकचं महाग, शिशाचं स्वस्त. पाइपातल्या शिशाविरुद्ध केंद्र सरकारनं २०२१ मध्ये नियम काढले. नियम काय, निघतातच. त्या पाइपातलं पाणी पिणारी पोरं तुमची थोडीच आहेत?

कामगारांना मास्क देऊ नका. १९७४ मध्ये अमेरिकेत लुइव्हिलच्या कारखान्यात, रेझिन ज्यापासून बनतं त्या व्हिनाइल क्लोराइड वायूनं कामगारांना यकृताचा कर्करोग झाल्याचं उघड झालं होतं, पण ते रेझिन बनवणारे. तुमच्याकडे नुसती पूड उडणार.

आता पुनर्वापर. हल्ली याला फार मान आहे. कडक पीव्हीसी नीट निवडलं, धुतलं, दळलं तर त्याचा पुन्हा चांगला माल होतो. युरोपात जुन्या खिडक्यांच्या चौकटी, पाइप, फरशा असं मिळून वर्षाला ७ लाख टनांहून जास्त पीव्हीसी पुन्हा वापरात येतं. पण निवडत बसायला तुम्हाला वेळ कुठला! चपलांचे तळ, वायरींची सालं, भाऊंच्या वाढदिवसाचे फ्लेक्स, सगळं एकाच दळणात जाऊ द्या. वायरीचं पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखी द्रव्यं असतात, फ्लेक्सच्या पोटात तर चक्क कापडाची जाळी. अशा दळणाचा पाइप होत नाही, गोधडी होते. पाण्याच्या पाइपाचं मानक आहे, आयएस ४९८५. त्यात स्वतःच्याच कारखान्यातले स्वच्छ तुकडे थोडेसे चालतात, बाहेरचं भंगार अजिबात नाही. अजिबात! अहो, भंगार वाईट नसतं. त्याच्या चटया करा, रस्त्यावरचे कोन करा, कोण नाही म्हणतंय? पण त्यालाच राखाडी रंग देऊन सहा केजी दाब सोसणारा पाइप म्हणून आमच्या गळ्यात का मारता?

फुटलेल्या जागी तुकडा जोडायला गड्यानं पाइपाचं तोंड आगीवर धरलं. चांगला पाइप तापला की मऊ पडतो, दुसऱ्या पाइपावर सरकवला की सॉकेट तयार. हा मऊ पडायच्या आधीच चिरला. तुटलेल्या कडेवर नख फिरवलं, तर बोटाला पांढरी पूड. मला आमच्या मराठी शाळेचा फळा आठवला. मग अख्खी लाइन उकरून काढली आणि भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं एक तुकडा दगडावर आपटला, दोन झाले. "काका, यात प्लास्टिक किती अन् माती किती? गाडीचं भाडंसुद्धा निघायचं नाही."

गिऱ्हाइकानं मग काय करावं? जाळावं. शेजारच्या पोरानं त्यातले दोन पाइप पाचटात टाकून पेटवले. संध्याकाळपर्यंत आमचे डोळे आणि घसा चुरचुरत होता. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं. जाळलं की त्याचं आम्ल होऊन हवेत येतं, वर डायॉक्सिनसारखं विष. त्याला दोन शिव्या घातल्या, पण खऱ्या शिव्या त्याच्या वाट्याच्या नव्हत्याच.

लाज कशी वाटत नाही हो तुम्हाला? रेझिन महाग झालं तर भाव वाढवा, आम्ही कुरकुरत का होईना देऊ. खडू घातला असेल तर तसं छापा. जुना पाइप परत घ्या. तुम्ही विकलेला माल आहे, आमच्या बांधावर उगवलेला नाही. आणि माझीही अक्कल गहाण पडली होती. जीएसटी वाचवायला कच्ची पावती घेतली! आता तक्रार करायला कागदावर नुसतं "४० नग" आणि खाली वेडीवाकडी सही.

बाभळीखाली उरलेले पाइप रचून ठेवलेत. बनवणाऱ्यानं यावं आणि घेऊन जावं. गाडीचं भाडं मी देतो.