ठकीची पाठ

आषाढात बेळगावात पाऊस पडत नाही, तो मुक्कामाला येतो. यंदा त्याच्या मुक्कामाचा बारावा-तेरावा दिवस असेल. आमच्या ठकीच्या पाठीवर, शेपटीच्या जरा वर, मला जुन्या आठ आण्याएवढं टक्कल दिसलं.

परड्यातल्या सात कोंबड्या ही माझी निवृत्तीनंतरची मिळकत. चार गावठी, तीन गिरीराज. नावं सगळी हिनं ठेवलेली. खुराडं मात्र मी स्वतःच्या हातानं केलेलं, चार फूट बाय तीन फूट, वर जुना पत्रा. पाहुणे आले की चहाच्या आधी मी त्यांना ते दाखवायला नेतो. कोल्हापूरचे मेव्हणे त्यामुळे हल्ली फोनवरच ख्यालीखुशाली विचारतात.

पहिला संशय मुंगसावर गेला. पण मुंगूस कोंबडी नेतं, तिची हजामत करून परत पाठवत नाही. कोंबडा असता तर त्याच्या नावावर बिल फाडून मोकळा झालो असतो, कारण पाठीवर चढून चढून तो पिसं झिजवतोच; पण शेजारच्या अक्कांच्या झोपेखातर आम्ही कोंबडा पाळलेला नाही. म्हटलं, पिसं झडायचा हंगाम असेल. ही म्हणाली, "झडली तर पिसं खाली पडतील ना? खुराड्यात एक पीस दाखवा." खाली खरंच एक पीस नव्हतं. मी म्हटलं, आमटीत मीठ कमी आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे छत्री, प्लास्टिकचं स्टूल आणि चहाचा कप घेऊन मी जाळीशी पाळतीवर बसलो. अर्धा तास काही नाही. मग सुशीला उठली. सुशीला म्हणजे आमच्यातली सर्वांत गरीब, हातातला दाणा हळूच टिपणारी गिरीराज. ती तिरक्या चालीनं ठकीमागे आली, मान वाकडी करून एका डोळ्यानं ती पाठ नीट बघितली, एक कोवळं पीस चोचीत धरलं आणि हिसडा दिला. ठकी केकाटून पुढे पळाली. सुशीलानं ते पीस खिरीतली शेवई ओढावी तसं आत ओढलं आणि गिळलं. वर चोच खांबावर दोन्ही बाजूंनी पुसली.

कोवळ्या पिसाच्या दांड्यात रक्त असतं. ते पाठीवर जरा दिसलं मात्र, उरलेल्या पाचजणी अपघात बघायला जमावं तशा जमल्या. लाल ठिपका दिसला की कोंबडी टोचणारच. मी ठकीला काखेत मारली, घरात आणली आणि तिच्या पाठीला जांभळं औषध फासलं. अर्धं ठकीला लागलं, अर्धं मला. संध्याकाळी अक्कांनी माझी बोटं बघितली. "कसलं मतदान होतं की हो अण्णा? आम्हाला कळवलाच नाही!"

जनावरांच्या डॉक्टरांना निरोप ठेवला होता. त्यांचा फोन आला तेव्हा मी परड्यात होतो, म्हणून हिनं उचलला. ही सांगलीची, तीस वर्षं इथं काढली, पण कानडी भाजीच्या भावापुरतंच. पलीकडून विचारलं, "कोळी एष्टु इदे?" कानडीत कोळी म्हणजे कोंबडी, हे ही घाईत विसरली. म्हणाली, "खुराड्यात दोन-चार असतील, पण माळ्यावर जळमटं फार झालीत. ह्यांना कधीचं सांगतेय."

डॉक्टर येऊन माझं खुराडं बघून गेले. कौतुकासाठी मी थांबलो होतो. ते म्हणाले, "एवढ्या जागेत सात कसं ठेवलाय सर?" रात्री निजायलाच एकीला दोन-अडीच चौरस फूट लागतं, आणि दिवसा फिरायला आठ-दहा. पावसामुळे मी त्यांना दिवसभर कोंडलं होतं, वर ऊब म्हणून रात्रभर बल्ब. खायला काय, तर तांदळाची कणी आणि उरलेला भात. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाण्यात सोळा टक्के तरी प्रथिनं हवीत, कणीत त्याच्या निम्मीच. आणि पीस म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिनच.

मी विचारलं, "पण सुशीला एवढी दुष्ट कशी निघाली?" मानाच्या भांडणाची गोष्ट मला ठाऊक होती, कोंबड्यांतली ही उतरंड श्येल्डरुप-एब्बे नावाच्या नॉर्वेच्या माणसानं 1921 साली मांडली. ती त्यांना ऐकवलीसुद्धा. डॉक्टर म्हणाले, "भांडण असतं तर डोक्यावर टोचली असती. हे शेपटीकडे चाललंय, म्हणजे राग नाही. दिवसभर माती उकरायची सवय, इथं माती नाही, मग पिसं उकरते. काम नाही की सर तिला!"

ही तेव्हा दारात उभी होती. काही बोलली नाही. माझ्याकडे नुसतं बघितलं.

मग बल्ब काढला. पडवीचा अर्धा भाग जाळी मारून कोंबड्यांना दिला. माझी आरामखुर्ची त्यात गेली. अंग घोळायला घमेल्यात कोरडी वाळू आणि चुलीची राख ठेवली. कणीत शेंगपेंड आणि सुकट कुटून मिसळली. सुकटीचा वास भिंतीपलीकडे गेला, अक्कांच्या खिडक्या आठवडाभर बंद. सुशीलाला चार दिवस डालग्याखाली ठेवलं. परत सोडली तेव्हा तिची जागा दुसरीनं घेतली होती, त्यामुळे बिचारी कोपऱ्यात उभी राहिली. मला वाईट वाटलं. ठकीला वाटल्यासारखं दिसलं नाही. तिच्या जांभळ्या पाठीवर निवडुंगासारखे कोंब आले होते.

शेवटचा उपाय म्हणजे त्यांना गुंतवून ठेवायचं. हिनं कोबीचा गड्डा सुतळीला बांधून त्यांच्या डोक्याच्या जरा वर टांगला. सातहीजणी उड्या मारमारून त्याला टोचायला लागल्या, आणि दुपारपर्यंत कुणी कुणाच्या पाठीकडे बघितलं नाही.

मी आत आलो. म्हटलं, "चहा जरा पाणचट झालाय आज."

हिनं मेथीच्या चार जुड्या आणून माझ्यापुढे ठेवल्या. "घ्या निवडायला," म्हणाली, "सुतळीला टांगू का?"