तो ग्रेड पुसला जात नाही

‘शाळेत असतानाच कॉलेजचे विषय घेऊन बघा, गमावण्यासारखं काही नाही’ हे एका लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. आम्ही अमेरिकेत, ओहायोत राहतो. इथे कॉलेज क्रेडिट प्लसमध्ये (शाळेतल्या मुलांना कॉलेजचे विषय घेऊ देणारी राज्याची योजना) सरकारी कॉलेजची फी, पुस्तकं सगळं फुकट, म्हणून लेकीला अकरावीतच केमिस्ट्री घ्यायला लावली. रात्री बारा-बारापर्यंत लॅब रिपोर्ट लिहिताना रडायची पोर. शेवटी सी ग्रेड आला, आणि तो कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, कायमचा राहिला. पुढे मेडिकलला अर्ज करताना हे ग्रेडही जीपीएत (ग्रेडच्या सरासरीत) धरतात, हे आम्हाला आधी कोणी सांगितलंच नाही.

इंग्लिश कंपोझिशन मात्र तिने आवडीने केलं. तेव्हा पहिला विषय मुलाच्या आवडीचाच घ्या, आणि विषय सोडायची शेवटची तारीख फ्रिजवर लावून ठेवा.