बलुचिस्तानचं मुख्यमंत्री व्हायचंय? मग हे वाचाच

मुख्यमंत्री व्हायची हौस असेल तर पंजाब-सिंधच्या नादी लागू नका राव, सरळ बलुचिस्तान धरा. पाकिस्तानची जवळपास 44 टक्के जमीन या एका प्रांतात आणि आमदार फक्त 65, म्हणजे सगळ्यांची सोय लावायला सोपं. गुरू म्हणून नवाब अस्लम रायसानींना समोर ठेवा, 2008 ते 2013 मुख्यमंत्री.

सुरुवात जन्मापासून करा, लोक नेमकी इथंच हयगय करतात. वडील गौस बख्श रायसानी प्रांताचे गव्हर्नर होऊन गेलेले, स्वतः सरावानचे सरदार, म्हणजे तिथल्या टोळ्यांचे प्रमुख, एवढी पूर्वतयारी असली की तिकिटासाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. 2008 ला पक्ष होता पीपल्स पार्टी. होता म्हणजे तेव्हा होता.

निवडून आलात की विरोधी पक्ष संपवा. भांडून नाही हो, मंत्री करून! रायसानींनी जवळजवळ अख्खं सभागृह सरकारात घेतलं, विरोधात उरले एकटे यार मोहम्मद रिंद आणि तेही दोघांचं टोळ्यांचं जुनं वैर म्हणून, ते नसतं तर त्यांनाही एखादं खातं निघालंच असतं. 2010 च्या अठराव्या घटनादुरुस्तीनं प्रांतात जास्तीत जास्त 15 मंत्री किंवा सभागृहाच्या 11 टक्के, यातलं जे जास्त असेल तेवढेच अशी मर्यादा घातली, पण लागू कधीपासून? पुढच्या निवडणुकीनंतर. कायदा करणाऱ्यांना पण घरसंसार असतो.

आता बोलायचं कसं ते. मुशर्रफनी 2002 ला आमदारकीसाठी पदवीची अट घातली होती, पुढं ती गेली, पण 2010 ला लोकप्रतिनिधींच्या डिग्र्या तपासायला सुरुवात झाली आणि धडाधड बोगस निघायला लागल्या. पत्रकारांनी विचारल्यावर आपले गुरू म्हणाले, 'डिग्री डिग्री होती है, असली हो या नकली.' पाठच करून टाका हे. सगळा देश हसत बसला, आणि आदल्याच वर्षी राष्ट्रीय महसुलातला प्रांताचा वाटा वाढून 9.09 टक्के झालाय, तर तो पैसा जातोय कुठं हे विचारायला कुणाला सवड?

अर्थात दरवेळी हसू येईलच असं नाही. 2011 ला मस्तुंगजवळ हजारा या अल्पसंख्याक शिया समाजाच्या यात्रेकरूंना बसमधून उतरवून गोळ्या घातल्या, आणि मुख्यमंत्री म्हणाले की रडणाऱ्यांसाठी ट्रकभर टिश्यू पेपर पाठवतो. मस्तुंग त्यांचा स्वतःचा इलाखा. हे बोलूनही खुर्ची जात नाही, लिहून ठेवा.

ऑक्टोबर 2012 मध्ये सुप्रीम कोर्टच म्हणालं की या सरकारनं राज्य करायचा घटनात्मक अधिकार गमावलाय. घाबरायचं नाही! स्पीकर अस्लम भूतानी म्हणाले, मग मी अधिवेशन कसं बोलावू, कोर्टाचा अवमान होईल. उपाय सोपा निघाला, डिसेंबरमध्ये अविश्वास ठराव आणून स्पीकरलाच घालवलं. सरकार जाग्यावर. आणि कोर्ट काय, बोलतंच.

खुर्ची गेली ती जानेवारी 2013 ला, कोर्टामुळं नाही. प्रांताची राजधानी क्वेट्टाच्या आलमदार रोडवर स्फोटांत 80 च्या वर माणसं मेली, बहुतेक हजारा, आणि घरच्यांनी दफन करायलाच नकार दिला, कडाक्याच्या थंडीत मृतदेह रस्त्यावर ठेवून बसून राहिले, शेवटी पंतप्रधान राजा परवेझ अश्रफना इस्लामाबादहून यावं लागलं आणि गव्हर्नर राजवट लागली. मुख्यमंत्री तेव्हा परदेशात होते, त्यामुळं कुणी त्यांना तिथं रडताना, टिश्यू वापरताना वगैरे बघितलं नाही.

आणि हो, एवढं झाल्यावर राजकारण सोडायचा विचार चुकूनही करू नका. पीपल्स पार्टीनं तर आधीच सदस्यत्व स्थगित केलेलं. 2018 ला अपक्ष उभे राहा, मस्तुंग निवडून देतं. मग फझलुर रहमानांच्या जमियत या धार्मिक पक्षात जा आणि 2024 ला परत उभे राहा, मस्तुंग परत देतं.