गप्प बसून ऐकता येत नसेल तर न्यू ऑर्लीन्सला जाता कशाला?

रविवारी रात्री ह्यूस्टनला परत आलो. आज बुधवार, तरी डोकं शांत व्हायला तयार नाही, म्हणून लिहून टाकते.

तीन जोडपी, एक व्हॅन, साडेपाच तासांचा रस्ता, दोन रात्री. ह्या ट्रिपसाठी मी वर्षभर सगळ्यांच्या मागे लागले होते. साखरेत लोळवलेले बीन्ये (तळलेले गोड वडेच म्हणा) झाले, चिकरीची कॉफी झाली, सेंट चार्ल्सच्या हिरव्या ट्राममधून चक्कर झाली. त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण मी गेले होते तिथलं जॅझ, तिथलं गाणं-बजावणं ऐकायला, आणि दोन रात्रींत मला सलग पाच मिनिटं कुणी धड ऐकू दिलं नाही.

शुक्रवारची रात्र बर्बन स्ट्रीटवर गेली. प्लॅस्टिकच्या ग्लासात दारू घेऊन लोक रस्त्याने फिरतायत, दर दारातून वेगळा ठणाणा. तिथे मी चकार शब्द काढला नाही, कारण तो रस्ता त्याच्यासाठीच आहे. माझा राग आहे शनिवारचा.

फ्रेंच क्वार्टर संपवून एस्प्लनेड ओलांडलं की फ्रेंचमेन स्ट्रीट लागतो. दोन-तीन चौकांत ओळीने लहान लहान क्लब. बऱ्याच ठिकाणी तिकीट नसतं. एखादं ड्रिंक घ्यायचं, आणि वाजवणाऱ्यांची बादली फिरते तेव्हा तिच्यात पैसे टाकायचे. बऱ्याच जणांची रात्रीची कमाई म्हणजे मुख्यतः ती बादली. हे मी व्हॅनमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं. दोनदा.

आम्ही शिरलो ती खोली आपल्या दिवाणखान्यापेक्षा फार मोठी नव्हती. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, बॅन्जो, डबल बास, ड्रम्स, आणि खुर्चीवर बसलेला सत्तरीचा एक क्लॅरिनेटवाला. दोन गाण्यांच्या मध्ये तो पत्ती ओठांत धरून भिजवत होता, मग सावकाश जागेवर बसवून स्क्रू आवळत होता. बोटं जराशी थरथरत होती. वाजवायला लागला आणि थरथर गेली. संथ ब्लूज होता. बाकीचे थांबले, फक्त बास चालू, आणि ह्याने खालच्या सुरावर असा काही श्वास धरला की माझ्या अंगावर काटा आला.

आणि नेमक्या त्या क्षणी माझ्या डाव्या कानात, आमच्यातल्याच एकाचा आवाज: ‘केटीमध्ये चार बेडरूमचं आता काय भावाने चाललंय रे?’ केटी म्हणजे आमच्या ह्यूस्टनचं उपनगर.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी वळून ‘शू’ केलं. दोन मिनिटं शांतता. मग ग्रीन कार्ड. मग कुणाच्या तरी मुलाचं कॉलेज. माणूस तीन हातांवर बसून जीव ओतून वाजवतोय आणि आमची मंडळी त्याच्यावर आवाज चढवून बोलतायत, कारण काय, तर ‘अगं, गाण्यात ऐकू येत नाही ना!’ मागे लग्नाआधीच्या पार्टीला आलेलं नवरीच्या मैत्रिणींचं एक टोळकं पट्टे घालून किंचाळत होतं, ते वेगळंच. समोर चार फोन उंच धरलेले. त्यातल्या एकाचा दिवा थेट म्हाताऱ्याच्या तोंडावर. त्याने डोळे मिटून घेतले, पण वाजवणं थांबवलं नाही.

मला सगळ्यात जास्त डोक्यात जातं ते हे, की हीच माणसं डिसेंबरात पुण्याला गेली की सवाईला जाऊन बसतात. तिथे मागच्या रांगेत कुणी वेफर्सचं पाकीट उघडलं तरी मान वळवून डोळे वटारतात. म्हणजे गप्प बसायचं कसं हे चांगलं ठाऊक आहे. मग इथे का नाही? ह्या लोकांचं संगीत ते काय, पार्श्वसंगीत? बोलताना मागे वाजत राहायला?

अहो, हे संगीत आलंय कुठून ते तरी बघा! तिथून पंधरा-वीस मिनिटं चाललं की काँगो स्क्वेअर. गुलामांनी रविवारी जमून ढोल वाजवले, नाचले, ते ह्या जागी. १८१७ मध्ये शहराने हुकूम काढून त्यांचं जमणं ठरावीक जागेपुरतं बांधून टाकलं, तरी त्यांनी ताल सोडला नाही. ती जागा बघायला आमच्यातलं कुणी आलं नाही. ‘काय आहे तिथे? नुसता चौक.’ मी आणि नवरा दोघंच गेलो.

फक्त जॅझ ऐकायला म्हणून असलेला प्रिझर्व्हेशन हॉल १९६१ पासून चालू आहे, साध्या बाकांवर दाटीवाटीने बसून ऐकायचं. त्यावर आमच्या मंडळींचं उत्तर: ‘बार नाही, व्हिडिओ काढू देत नाहीत, मग जायचं कशाला?’ अरे, म्हणूनच तर जायचं! ह्याच शहरातला बडी बोल्डन, जॅझच्या अगदी पहिल्या वाजवणाऱ्यांतला. १९०७ मध्ये त्याला मनोरुग्णालयात टाकलं, १९३१ मध्ये तिथेच गेला. त्याच्या कॉर्नेटचा, म्हणजे ट्रम्पेटसारख्या वाद्याचा, एक सूरही आज रेकॉर्डवर नाही. ज्यांनी कान देऊन ऐकलं तेवढ्यांनाच तो मिळाला.

आता बादली. बॅन्जोवाली मुलगी ती घेऊन टेबलाटेबलाशी फिरली. आमच्या टेबलाशी आल्याबरोबर दोघांना एकदम फोनमध्ये काहीतरी महत्त्वाचं सापडलं. तिसरा म्हणाला, ‘ड्रिंकचे पैसे दिले की आपण!’ ते पैसे बारवाल्याला गेले, बाबा, क्लॅरिनेटला नाही. मी वीस डॉलर टाकले तर मलाच वर ऐकवलं, ‘वीस? वेड लागलंय का तुला?’ हाच माणूस तासाभरापूर्वी लांब नळीच्या ग्लासातल्या हिरव्या रंगाच्या सरबतासारख्या दारूला अठरा डॉलर देऊन आला होता, हसत हसत. मुलगी ‘थँक यू’ म्हणून पुढे गेली. मला तिच्याकडे बघवेना.

परतीच्या वाटेवर लेक चार्ल्सच्या आसपास आमच्यातल्या एकाने शनिवारी काढलेला व्हिडिओ गाडीच्या स्पीकरवर लावला, ‘काय भारी माहौल होता’ म्हणून. क्लॅरिनेट कुठेतरी लांबून, कळेल न कळेल अशी. आणि तिच्यावर ठणठणीत, स्पष्ट: चार बेडरूमचं काय भावाने चाललंय.

मी बंद करायला सांगितलं. ‘एवढं काय चिडायचं त्यात,’ म्हणाले.

थंडीत मी पुन्हा जाणार आहे. ग्रुपवर टाकणार नाही, कुणाला विचारणार नाही. तो म्हातारा त्याच खुर्चीवर असला तर अगदी समोर बसणार आहे.